दुसऱ्या पाटाचा मानकरी : नॉर्वेजियन वाक्याची ओळख

इ. स. १९०५ सालीं ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’ या प्रचंड ग्रंथमालेचा सातवा खंड प्रसिद्ध झाला. हा खंड सबंध मराठीला वाहिलेला आहे. देशावरची मराठी, कोंकणांतील बोली, वऱ्हाडी, गोमंतकाची कोंकणी, बस्तरकडील हळबी अशा अनेक बोलींचे नमुने त्यांत ओळीनें मांडले असून त्यांचें व्याकरणहि थोडक्यांत पण नेमकेपणानें सांगितलें आहे. ग्रंथमालेचे संपादक सर जॉर्ज ग्रिअर्सन हे होते. परंतु मराठीचा हा खंड रचण्याचे परिश्रम ज्यांनीं केले ते पंडित इंग्रज नव्हते, नॉर्वे देशाचे होते. त्यांचें नांव स्टेन कोनोव. त्यांचा जन्म १८६७ चा व मृत्यु १९४८ चा. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाची त्यांनीं संपादिलेली प्रत १९०१ सालीं हार्वर्ड येथील प्राच्य ग्रंथमालेंत निघाली होती, आणि पुढें १९०६ ते १९०८ या काळांत हिंदुस्थान सरकारचे शिलालेखतज्ज्ञ म्हणूनहि त्यांनीं काम केलें. ज्या सालीं मराठीचा खंड निघाला त्याच सालीं नॉर्वेनें स्वीडनच्या राजाशीं असलेलें बंधन तोडलें, हा एक योगायोग.

नॉर्वेच्या एका विद्वानानें मराठी वाक्याची वीण उसवून जगास दाखविली. नॉर्वेजियन वाक्याची वीण मात्र मराठी घरांतून फारशी कोणी पाहिलेली नाहीं. आतां ती पाहण्याची निकड उत्पन्न झाली आहे. नोकरीसाठीं किंवा संशोधनासाठीं नॉर्वेस जाणाऱ्या तरुणांस ही भाषा केवळ हौस म्हणून शिकून भागत नाहीं. त्या देशाचें नागरिकत्व हवें असेल तर संभाषणाच्या परीक्षेंत बी-१ ही पायरी गांठावी लागते. हा नियम २०२२ च्या ऑक्टोबरपासून आहे. शिवाय, तेथें जन्मलेलें मूल शाळेंतून येतांना हीच भाषा घेऊन येतें, आणि नाशिकास बसलेल्या आजीला टेलिफोनवर नातवाच्या तोंडून मधूनच एखादें अनोळखी वाक्य ऐकूं येतें. तें वाक्य ऐकून आजीला प्रथम वाटतें, हें मोडकें इंग्रजी असावें. नेमकी हीच समजूत शिकणाऱ्या तरुणाचीहि असते, व तेथूनच त्याच्या चुकांस आरंभ होतो.

नॉर्वेजियन शब्द येथें देवनागरींत, उच्चाराच्या अंदाजानें लिहिले आहेत. पहिलें वाक्य आजीचेंच घ्यावें : ‘मुर्मुर बूर इ नाशिक.’ ‘मुर्मुर’ म्हणजे आईची आई. (‘मूर’ म्हणजे आई, बापाच्या आईस ‘फार्मूर’ म्हणतात. मराठींत नात्यांच्या शब्दांची एवढी श्रीमंती असून दोघींसहि ‘आजी’ हा एकच शब्द पुरतो, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.) ‘बूर’ म्हणजे राहते. ‘इ’ म्हणजे आंत. आई-ची-आई राहते आंत नाशिक, असा शब्दांचा क्रम झाला. मराठींत ‘आंत’ हा अर्थ नांवाच्या पाठीमागें चिकटतो, येथें तो नांवाच्या पुढें उभा राहतो. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, येथें तें मध्येंच आलें आहे. इतकें इंग्रजीसारखेंच. परंतु साम्य येथेंच संपतें.

मराठी वाक्यांत कोण करतो आणि कोणास करतो, हें प्रत्ययावरून कळतें. ‘मांजर कुत्र्यास पाहतें’ म्हणा अथवा ‘कुत्र्यास मांजर पाहतें’ म्हणा, पाहणारें मांजरच राहतें. कारण ‘स’ हा प्रत्यय कुत्र्यास सोडीत नाहीं. नॉर्वेजियन नामांस असे प्रत्यय उरलेले नाहींत. पूर्वीं होते, शतकांच्या ओघांत ते झिजून गेले. ‘कात्तेन सेर हुन्नेन’ म्हणजे मांजर कुत्र्यास पाहतें. आणि तेच शब्द फिरवून ‘हुन्नेन सेर कात्तेन’ म्हटलें कीं ऐकणारा कुत्रा मांजरास पाहतो असें समजतो. फक्त सर्वनामांनीं जुनी पुंजी थोडीशी राखली आहे : ‘यॅय’ म्हणजे मी, ‘मॅय’ म्हणजे मला, ‘हून’ म्हणजे ती, ‘हेन्ने’ म्हणजे तिला. बाकी सर्व काम शब्दाच्या जागेवर पडलें आहे. म्हणून या भाषेचें व्याकरण शिकणें म्हणजे मुख्यतः जागा शिकणें होय. आणि या जागांत एक जागा अशी आहे कीं ती कळली म्हणजे निम्मी भाषा हातीं आली असें म्हणावयास हरकत नाहीं.

एका पंगतीची कल्पना करावी. पाट मांडलेले आहेत. पहिल्या पाटावर कोणींहि बसावें : यजमान बसो, पाहुणा बसो, एखादें लहान मूल बसो. परंतु दुसरा पाट राखून ठेवलेला आहे, व त्याचा मानकरी एकच, तो म्हणजे क्रियापद. पहिल्या पाटावर कर्ता नसून दुसराच कोणी येऊन बसला, तर कर्त्यानें निमूटपणें तिसऱ्या पाटावर जावें; क्रियापदास उठवूं नये.

‘मी आज तें पुस्तक वाचतों’ हा अर्थ या भाषेंत असा सांगतां येतो : ‘यॅय लेसेर बूका इ दाग.’ यॅय म्हणजे मी, लेसेर म्हणजे वाचतों, बूका म्हणजे तें पुस्तक, इ दाग म्हणजे आज. आतां ‘आज’ या शब्दावर जोर देऊन तो पुढें आणावयाचा आहे. मग ‘इ दाग लेसेर यॅय बूका’ असें म्हणावें लागतें. ‘इ दाग’ हे कागदावर दोन शब्द दिसले तरी कल्पना एक, म्हणून पाटहि एकच; दुसऱ्या पाटावर ‘लेसेर’ कायम आहे, आणि ‘यॅय’ बिचारा तिसऱ्यावर गेला आहे. पुस्तकाचीच गोष्ट चालली असेल तर तेंच पुढें यावें : ‘बूका लेसेर यॅय इ दाग.’ तिन्ही वाक्यें शुद्ध आहेत. तिन्हींत पहिला बदलला, तिसरा बदलला, दुसरा हालला नाहीं.

येथें मराठी विद्यार्थ्याची जी चूक होते तिचें मूळ मराठींत नसतें, हें विशेष आहे. मराठींतल्याप्रमाणें क्रियापद अगदीं शेवटीं नेऊन ठेवणारा विद्यार्थी क्वचितच भेटेल. तो शाळेंत इंग्रजी शिकलेला असतो, व परकी भाषा म्हटली कीं त्याच्या जिभेवर इंग्रजीचाच सांचा येतो. इंग्रजींत ‘आज’ पुढें आणला तरी त्याच्या मागें ‘मी’ आणि मग ‘वाचतों’ हा क्रम मोडत नाहीं. त्याच धोरणानें तो ‘इ दाग यॅय लेसेर बूका’ असें म्हणतो. ऐकणाऱ्यास अर्थ कळतो, परंतु पंगतींत मानकऱ्याच्या पाटावर दुसराच बसलेला पाहून जसें चमकल्यासारखें होतें, तसें त्यास होतें. ‘मी’पासून आरंभ केलेलीं वाक्यें शंभर बरोबर येतील आणि ‘आज’, ‘उद्यां’, ‘मग’, ‘येथें’ यांपासून सुरू होणारें पहिलेंच वाक्य चुकेल. तेव्हां सराव करावयाचा तो या दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचा करावा. सकाळीं उठल्यापासूनच्या दिनचर्येचीं वाक्यें काळवाचक शब्दापासून सुरू करून मोठ्यानें म्हणावीं. आठ-पंधरा दिवसांत जीभ वळूं लागते.

दुसऱ्या पाटाची ही चाल केवळ नॉर्वेची नाहीं. जर्मन, डच, स्वीडिश, डॅनिश या साऱ्या भगिनीभाषांत ती आहे. इंग्रजींत ती पूर्वीं बरीचशी होती, पुढें गळाली. युरोपाबाहेर ती फार दुर्मिळ आहे. परंतु काश्मिरी भाषेंत मुख्य वाक्याचें क्रियापद सामान्यतः दुसऱ्या जागीं येतें, हें ऐकून मराठी वाचकास आश्चर्य वाटेल. हिंदी, मराठी, बंगाली यांच्याच गोतांतील ही भाषा, आणि तिची रीति या बाबतींत दिल्लीपेक्षां ओस्लोशीं अधिक जुळते!

या नियमास एक गमतीचा अपवाद आहे. ‘कान्शे’ म्हणजे कदाचित्. ‘कान्शे कोम्मेर हून’, म्हणजे कदाचित् ती येईल, हें नियमाप्रमाणें झालें. परंतु ‘कान्शे हून कोम्मेर’ असेंहि सर्रास बोलतात व तें अशुद्ध मानीत नाहींत. याचें कारण त्या शब्दाच्या पोटांतच आहे. ‘कान’ म्हणजे शकतें आणि ‘शे’ म्हणजे घडणें. ‘घडूं शकतें’ असें एक आख्खें क्रियापद त्यांत दडलें आहे, म्हणून पुढील शब्दांना ती सवलत मिळाली. मराठींतील ‘न जाणो’ हाहि असाच क्रियापदाचा अव्यय बनलेला शब्द आहे.

क्रियापदें दोन असतील तर मान एकासच मिळतो. ‘यॅय विल लेसे बूका’ म्हणजे मला तें पुस्तक वाचावयाचें आहे. येथें ‘विल’ हें काळ दाखविणारें क्रियापद दुसऱ्या पाटावर बसतें आणि ‘लेसे’ हें वाचण्याची क्रिया सांगणारें रूप मागें राहतें. ‘इ मॉर्न विल यॅय लेसे बूका’, उद्यां मला तें पुस्तक वाचावयाचें आहे : ‘विल’ आणि ‘लेसे’ यांच्यामध्यें कर्ता येऊन बसला, तरी कोणाची तक्रार नाहीं.

प्रश्न विचारतांना मराठींत ‘का’ लावतात. नॉर्वेजियनमध्यें तेवढेंहि लागत नाहीं. पहिला पाट रिकामा सोडला कीं प्रश्न झाला. ‘दू कोम्मेर’ म्हणजे तूं येतोस. ‘कोम्मेर दू?’ म्हणजे तूं येतोस का? ‘कोठें’, ‘काय’, ‘केव्हां’ असा प्रश्नवाचक शब्द असेल तर तो पहिल्या पाटावर बसतो आणि गाडी पूर्ववत् चालते : ‘वूर बूर दू?’, तूं कोठें राहतोस? उत्तर देतांना मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. होकारास ‘या’ व नकारास ‘नॅय’ हे शब्द आहेतच. परंतु प्रश्नच नकारार्थी असेल, म्हणजे ‘तूं येत नाहींस का?’ असा असेल, आणि येणार असाल, तर ‘या’ म्हणून चालत नाहीं; ‘यू’ म्हणावें लागतें. इंग्रजी शिकलेल्यास हें अवघड वाटतें. मराठी माणसास वाटूं नये, कारण अशा वेळीं तो ‘हो’ एवढेंच म्हणून थांबत नाहीं, ‘येतों कीं!’ असें म्हणतो. तो ‘कीं’ म्हणजेच ‘यू’.

आतां नकाराकडे वळावयाचें. येथें मात्र मराठीचें ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडतें. नकाराचा शब्द ‘इक्के’. साध्या वाक्यांत तो क्रियापदाच्या मागून येतो : ‘हून कोम्मेर इक्के’, ती येत नाहीं. परंतु हेंच वाक्य दुसऱ्या वाक्याच्या पोटांत शिरलें कीं ‘इक्के’ उडी मारून क्रियापदाच्या पुढें जातो : ‘हून सीएर आत हून इक्के कोम्मेर’, ती म्हणते कीं ती येत नाहीं. ‘सीएर’ म्हणजे म्हणते आणि ‘आत’ म्हणजे कीं. मुख्य वाक्यांत नकार मागें, गौण वाक्यांत नकार पुढें, हा भेद इंग्रजींत नसल्यामुळें परदेशीय विद्यार्थी येथें हटकून अडखळतात, व शिक्षकहि तो पाठ करा असें सांगून मोकळे होतात. पण मराठींत असाच भेद रोज तोंडीं येतो! ‘ती येत नाहीं’ हें स्वतंत्र वाक्य. त्यांत नकार क्रियापदामागें. ‘ती न आल्यास’, ‘ती न येतां’, ‘ती न आल्यामुळें’ हीं परावलंबी. त्यांत ‘न’ क्रियापदापुढें. ‘ती आली नाहीं तर’ असेंहि म्हणतां येतें हें खरें, म्हणून हें साम्य तंतोतंत नाहीं. परंतु ज्यानें ‘न आल्यास’ मनांत धरलें, त्याला ‘इक्के कोम्मेर’ हा क्रम परका वाटणार नाहीं.

आतांपर्यंतचें सारें एकाच वाक्यांत पाहतां येतें : ‘विस हून इक्के कोम्मेर, गोर यॅय.’ ‘विस’ म्हणजे जर, ‘गोर’ म्हणजे जातों. ती न आल्यास मी जातों. पोटवाक्यांत ‘इक्के’ पुढें आला आहे, हें वर सांगितल्याप्रमाणें झालें. पण स्वल्पविरामानंतर ‘यॅय गोर’ असें न येतां ‘गोर यॅय’ असें कां आलें? कारण ‘ती न आल्यास’ हें सबंध पोटवाक्य मिळून एकाच पाटावर बसलें आहे, आणि दुसरा पाट ‘गोर’ चा. तें वाक्य दहा शब्दांचें असतें तरी पाट एकच धरला असता. हें ज्यास उमगलें त्यानें मोठा घाट ओलांडला असें समजावें.

क्रियापद एवढें मानाचें असून रूपाच्या दृष्टीनें मात्र अत्यंत साधें आहे. मी जातों, तूं जातोस, तो जातो, ती जाते, आम्ही जातों, ते जातात, एवढ्या रूपांच्या जागीं ‘गोर’ हें एकच. लिंग नाहीं, वचन नाहीं, पुरुष नाहीं. भूतकाळींहि तसेंच. मराठींत ‘मुलगा पुस्तक वाचतो’ याचें भूतकाळीं ‘मुलानें पुस्तक वाचलें’ होतें. कर्त्यास तृतीया लागते आणि क्रियापद कर्त्यास सोडून कर्माच्या मागें जातें. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचा जो विस्तृत ऊहापोह आहे, तो या गुंतागुंतीमुळेंच करावा लागला. नॉर्वेजियनमध्यें ‘गुत्तेन लेसेर बूका’ याचें ‘गुत्तेन लेस्ते बूका’ झालें कीं संपलें.

नामांच्या बाबतींत मराठी माणूस पुन्हां आपल्या अंगणांत येतो. इंग्रजीनें नामांचें लिंग टाकून दिलें. नॉर्वेजियननें मराठीप्रमाणेंच तिन्ही लिंगें ठेवलीं. नदी दोहोंकडे स्त्रीलिंगी, घर दोहोंकडे नपुंसकलिंगी, चंद्र दोहोंकडे पुल्लिंगी. सूर्य मात्र तेथें स्त्री आहे आणि पुस्तकहि! तेव्हां साम्यावर फार विसंबूं नये. बर्गेन शहराच्या बोलींत स्त्रीलिंग उरलेलें नाहीं, व लेखी भाषेंतहि पुष्कळ स्त्रीलिंगी नामें पुल्लिंगासारखीं चालवितां येतात. ‘अमुक तें’ असा निश्चित अर्थ दाखविणारा प्रत्यय नामाच्या शेवटीं चिकटतो : ‘गुत्त’ मुलगा, ‘गुत्तेन’ तो मुलगा, ‘एल्व’ नदी, ‘एल्वा’ ती नदी, ‘हूस’ घर, ‘हूसे’ तें घर. विशेषणहि लिंगाप्रमाणें थोडें बदलतें. मोठा मुलगा ‘स्तूर गुत्त’, मोठें घर ‘स्तूट हूस’. ‘मोठा’चें ‘मोठें’ ज्याच्या जिभेवर बसलें आहे, त्याला यांत शिकण्यासारखें थोडेंच आहे.

नॉर्वेंत लेखनाचीं दोन प्रमाणरूपें आहेत हें ऐकून नवशिका घाबरतो. डेन्मार्कशीं चारशें वर्षांच्या जवळपास जोडलेला तो देश १८१४ सालीं अलग झाला तेव्हां त्याची लेखी भाषा डॅनिश होती. तिलाच हळूहळू नॉर्वेचें वळण देऊन ‘बूकमोल’ तयार झाली. उलट ईवार ओसेन (१८१३–१८९६) यांनीं खेडोपाडीं हिंडून बोली गोळा केल्या व त्यांतून ‘न्यूनोष्क’ घडविली. ओसेन यांचें लोकभाषेचें व्याकरण १८४८ चें. दादोबा पांडुरंग यांचें मराठीचें व्याकरण त्याच्या बारा वर्षें आधींचें, म्हणजे १८३६ चें. १८८५ सालीं तेथील विधिमंडळानें दोन्ही रूपांस बरोबरीचें स्थान दिलें. नवशिक्यानें बूकमोल धरावी, कारण बहुसंख्य लोक तीच लिहितात. दुसऱ्या पाटाचा नियम दोहोंत एकच आहे.

उच्चाराविषयीं एकच सांगण्यासारखें. ओस्लोकडील बोलींत ‘र’ च्या पुढें त, द, न आले कीं दोन्ही मिळून ट, ड, ण होतात. युरोपांतील इतर विद्यार्थी या मूर्धन्य वर्णांसाठीं जीभ वळवितां वळवितां थकतात. मराठी जिभेस ते उपजत आहेत. भाषेचें स्वतःचें नांव ‘नोर्स्क’ असें लिहितात, पण तें ‘नोष्क’ असें ऐकूं येतें. आणि ‘बार्न’, म्हणजे मूल, हें स्वच्छ ‘बाण’ असें ऐकूं येतें. ‘हागे’ म्हणजे बाग. लहान मुलें ज्या शाळेंत जातात तिला ‘बाणेहागे’ म्हणतात : बाल आणि वाडी!

त्या बाणेहागेंतून आलेला नातू टेलिफोनवर आजीला ‘वूर बूर दू?’ असें विचारतो. ‘दू’ म्हणजे तूं. आजीला तें खटकणार नाहीं, आजीला ‘तूं’ म्हणण्याची रीत मराठी घरांत आहेच. परंतु तोच नातू आपल्या गुरुजींनाहि ‘दू’ म्हणतो, आणि त्याचा बाप कचेरींत वरिष्ठांसहि ‘दू’ म्हणतो. आदरार्थी सर्वनाम त्या भाषेंत एके काळीं होतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें व्यवहारांतून जवळजवळ नाहींसें झालें. व्याकरणाचा हा सर्वांत सोपा भाग मराठी माणसाच्या तोंडून सर्वांत उशिरां बाहेर पडतो.